चार घोडे, अकरा कप

आमच्या गल्लीच्या टोकाला जे पैजांचं दुकान आहे, तिथे आता यंत्रं आली आहेत. चार सामने निवडा, बोट टेकवा, आणि किती मिळणार ते काचेवर उमटतं. मिळत काहीच नाही ती गोष्ट वेगळी, पण न मिळणारी रक्कम किती, हे आता क्षणात कळतं. ही केवढी सोय झाली आहे याची आजच्या लोकांना कल्पना नाही. आमच्या वेळी हेच कळायला मला दोन दिवस, अकरा कप, एक निवृत्त हेडमास्तर आणि माझी गावातली सगळी अब्रू लागली होती.

पासष्ट सालच्या वसंतातली गोष्ट. माझ्या सासूबाई, झिला हॉवर्थ, घोटा मोडून इस्पितळात पडल्या होत्या. दाराची पायरी घासताना घसरले, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, आणि सगळ्यांनी ते मानलंही होतं, कारण आमच्या लँकेशायरात बाईनं पायरी घासताना पडणं हे सैनिकानं रणात पडण्यासारखं समजतात. चॅपेलमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थनासुद्धा झाली.

गुरुवारी संध्याकाळी भेटीच्या वेळेत मी द्राक्षं घेऊन गेले. त्यांनी द्राक्षांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दोहोंबद्दल फारशी आशा नाही अशा चेहऱ्यानं चष्म्याचं घर उघडलं. आतून एक चिटोरं काढून माझ्या हातमोज्यात सारलं.

"क्लिफर्डला बोलायचं नाही," त्या म्हणाल्या.

क्लिफर्ड म्हणजे त्यांचा मुलगा आणि माझा नवरा. बँकेत कॅशियर, चॅपेलचा खजिनदार, आणि 'जुगाराची वाळवी' या विषयावर वर्षातून दोनदा व्याख्यान देणारा. चिटोरं पैजांच्या दुकानाचं होतं. सासूबाई पायरीवर पडल्याच नव्हत्या. त्या दुकानातून बाहेर पडताना पडल्या होत्या.

"चार घोडे लावले होते, यँकी," त्या कुजबुजल्या. "चारही आले."

"मग पैसे मिळतील की."

"ते मला कळतं गं. पण दुकानातला तो डगडेल हिशेबात कच्चा आहे. तू आधी स्वतः हिशेब कर, आणि मगच पैसे घे. एक पेनी कमी घेतलीस तर मला तोंड दाखवू नकोस." मग म्हणाल्या, "खरं तर हे काम तुला सांगायला नको होतं. पण दुसरं आहे कोण?"

चौदा वर्षांच्या सहवासातलं हे त्यांचं माझ्याबद्दलचं सर्वांत प्रेमळ वाक्य होतं.

आता या पैशांवर काय अवलंबून होतं ते सांगते. डॉक्टरांनी त्यांना जिने बंद केले होते. त्यांच्या घरात सगळा जिनाच होता. मिसेस टॅटरसॉल यांच्याकडे तळमजल्यावरची एक चांगली खोली रिकामी झाली होती, पण तीन महिन्यांचं भाडं आगाऊ, सोळा गिनी, म्हणजे वीस शिलिंगांच्या पौंडात सोळा पौंड सोळा शिलिंग, शनिवारी दुपारी बाराच्या आत. नाहीतर ती खोली चर्चच्या एका माजी ऑर्गनवादकाला जाणार होती, आणि सासूबाई आमच्या दिवाणखान्यात येणार होत्या. कायमच्या.

हे त्यांनाही नको होतं. "तुझ्या हातचं मटण रोज खायचं," त्या म्हणाल्या, "यापेक्षा दुसरा घोटा मोडलेला बरा."

शुक्रवारी सकाळी क्लिफर्ड बँकेत गेल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. ब्रास बटन, एकास दोन. मिस्टर पॅरट, एकास चार. कोल्ड टी, एकास सात. व्हायोलेट, एकास एक. यँकी म्हणजे चारच घोडे, पण त्यांच्या पैजा अकरा. सहा जोड्या, चार तिकड्या आणि एक चौकडी. प्रत्येकीवर एक शिलिंग. पहिल्या घोड्याचं मुद्दलासकट जे येईल ते सगळं दुसऱ्यावर, दुसऱ्याचं तिसऱ्यावर. इथपर्यंत मला समजलं, आणि मी स्वतःवर खूश झाले. मग वर्तमानपत्रात निकाल पाहिला. कोल्ड टी पहिला आला होता खरा, पण एकटा नाही. आणखी एक घोडा त्याच्याबरोबर नाकाला नाक लावून आला होता, आणि पंचांनी दोघांना पहिलं ठरवलं होतं.

मी भिंतीवर ठोकलं. आमच्याकडे शेजारणीला बोलवायची हीच पद्धत होती. विनी एंटव्हिसल केसांत गुंडाळ्या घालून आली. मी तिला विषय सांगितला तो "एका ओळखीच्या बाईंचा" म्हणून.

"सासूबाईंचा ना?" विनी म्हणाली आणि बसली. "सोपं आहे. दोन, चार, सात आणि एक, झाले चौदा. अकरा शिलिंग गुणिले चौदा. सात पौंड चौदा शिलिंग."

"बेरीज नाही गं करायची, गुणाकार करायचा."

"माझ्या काकांनी आयुष्यभर बेरीज केली."

"आणि काय झालं त्यांचं?"

"कर्जात मेले," विनी म्हणाली. "पण हिशेबात चूक नव्हती."

तिच्याच सल्ल्यानं मी कोपऱ्यावरच्या मिस्टर हारग्रीव्हज यांच्याकडे गेले. त्यांनी चाळीस वर्षं गावाला गणित शिकवलं होतं, आणि गावाची गणिताबद्दलची भीती ही सर्वस्वी त्यांची कमाई होती. मी प्रश्न चॅपेलच्या बाजारातल्या चार स्टॉलचा करून मांडला. त्यांनी तो लगेच घोड्यांचा केला, पण घोडे कोणाचे ते विचारलं नाही. सभ्य माणूस.

"बाई, मुळात दोन घोडे एकाच क्षणी पोचणं शक्य नाही," ते म्हणाले. "काळ अनंत सूक्ष्म विभागता येतो. कुठला तरी आधी पोचलाच असणार."

"पण पंच म्हणाले."

"पंचांचं गणित किती झालं आहे?" त्यांनी फळ्यावर बराच वेळ लिहिलं. मला बिस्किट दिलं नाही. शेवटी निष्कर्ष काढला की शर्यत तर्काच्या दृष्टीनं झालेलीच नाही, म्हणून त्या बाईंना त्यांचे अकरा शिलिंग परत मिळावेत. "आणि त्यांना सांगा," दारात ते म्हणाले, "की झिला शाळेतसुद्धा असंच करायची."

म्हणजे सकाळपासून माझ्याकडे दोन उत्तरं जमली. दोन्ही उत्तरांनी सासूबाई आमच्या दिवाणखान्यात येत होत्या.

मग मी दुकानात गेले. डोक्यावर विनीचा रुमाल, डोळ्यांवर क्लिफर्डचा बागकामाचा काळा चष्मा. दारातच दूधवाला म्हणाला, "नमस्कार, मिसेस हॉवर्थ." डगडेल नावाचा तो मॅनेजर जाळीमागे बसून सँडविच खात होता. त्यानं चिटोरं पाहिलं, खालून त्याची जोडचिठ्ठी काढली आणि खसाखस आकडे लिहिले.

"चारही जिंकले असते तर एकतीस पौंड नऊ शिलिंग. पण एक बरोबरीत. म्हणून निम्मे. पंधरा पौंड, चौदा शिलिंग, सहा पेन्स."

सोळा गिनींना एक गिनी आणि सहा पेन्स कमी. माझी स्वतःची अशी एक गिनी होती, चहाच्या डब्यात. पण ती त्याच आठवड्यात क्लिफर्डनं जुगारविरोधी पत्रकं छापायला नेली होती.

"नाव?" डगडेल म्हणाला.

"कसलं?"

"चिठ्ठीवरचं. दुकानं नव्हती आणि गल्लीत चोरून पैजा घ्यायचे तेव्हापासून सगळे टोपणनाव लावतात. आणणाऱ्यानं ते तोंडानं सांगायचं, नाहीतर पैसे नाहीत. नियम आहे."

मला नाव माहीत नव्हतं. मी 'झिला' म्हणून पाहिलं, 'हॉवर्थ' म्हणून पाहिलं. डगडेल प्रत्येक वेळी मान हलवत होता आणि सँडविच खात होता, आणि का कोण जाणे, माझ्याकडे बघून हसू दाबत होता.

घरी येऊन मी लग्नातला चांगला टी-सेट काढला. एकेक कप म्हणजे एकेक पैज. स्वयंपाकघरातल्या टेबलावर अकरा कप मांडले, प्रत्येकाखाली घोड्यांची नावं आणि शिलिंग लिहिलेली चिठ्ठी सरकवली. बेरीज सहाशे एकोणतीस शिलिंग, म्हणजे एकतीस पौंड नऊ. शेजारच्या कागदावर 'कोल्ड टी बरोबरीत' असं लिहून त्याचे निम्मे केले. पंधरा पौंड चौदा शिलिंग सहा पेन्स. डगडेल बरोबर होता. मी त्या कपांकडे बघत बसले, आणि मला दिवाणखान्यात पियानोच्या जागी पलंग दिसू लागला.

मागच्या दारातून क्लिफर्ड आला. त्याची यायची वेळ मी विसरले होते.

"पाहुणे?" त्यानं विचारलं.

"महिला मंडळ," मी म्हटलं. "अकरा जणी."

त्यानं हॅट काढली. एक कप उचलला, चिठ्ठी वाचली, ठेवला. दुसरा उचलला. सगळे उचलले. शेजारचा कागद वाचला. चष्मा पुसला. मी व्याख्यानाची वाट पाहत होते. मला त्याची सुरुवात पाठ होती.

"हे चार कप निम्मे का केलेस?" क्लिफर्ड म्हणाला.

"काय?"

"या चारांत कोल्ड टी नाहीच." त्यानं चार कप हलकेच बाजूला सरकवले. "ब्रास बटन आणि पॅरट. बटन आणि व्हायोलेट. पॅरट आणि व्हायोलेट. आणि या तिघांची तिकडी. यांचा बरोबरीशी संबंध काय? हे पूर्ण मिळतात. निम्मे होतात ते फक्त उरलेले सात." तो मनातल्या मनात थोडं पुटपुटला. "तीनशे पंचेचाळीस शिलिंग. सतरा पौंड पाच."

सोळा गिनी, आणि वर नऊ शिलिंग.

"क्लिफर्ड, तुला हे कसं माहीत?"

"मी बँकेत आहे."

"बँकेत घोडे येतात?"

त्यानं कप उजेडात धरून पाहिला. "आई नेहमी चारच घेते," तो म्हणाला. "लहानपणी दर बुधवारी माझ्या मोज्यात चिठ्ठी असायची. मला वाटायचं, सगळ्यांच्या मोज्यात असते."

"आणि ती व्याख्यानं?"

"वाळवीवर बोलायचं तर घरात वाळवी पाहिलेली असावी लागते," खजिनदार म्हणाले. मग, दुसरीकडे बघत, "मिसेस टॅटरसॉलची खोली छान आहे. ऊन येतं."

"हो. ऊन येतं."

"त्या दुकानात दीड पौंड सोडायचे म्हणजे जुगाराला देणगी दिल्यासारखं आहे. तत्त्वाचा प्रश्न आहे, मॅरियन."

आमच्या संसारात इतकं पूर्ण एकमत त्याआधी झालं नव्हतं. त्यानंतरही नाही. दुकानात मात्र मीच जायचं ठरलं, कारण तत्त्व त्याचं असलं तरी पद चॅपेलचं होतं.

आता फक्त नाव हवं होतं. शनिवारी सकाळी मी इस्पितळात गेले. भेटीची वेळ नव्हती, आणि दारात वॉर्डची सिस्टर उभी होती. या बाईंनी एकदा बिशपना परत पाठवलं होतं, भेटीची वेळ संपली म्हणून.

"रविवारी दोन ते तीन," ती म्हणाली.

"एकच प्रश्न आहे. त्यांना विचारा, नाव काय लावलंय."

"कोणाला?"

खरं सांगणं शक्य नव्हतं. "मांजराला," मी म्हटलं. "नावानं हाक मारल्याशिवाय खात नाही."

सिस्टर आत गेली. बऱ्याच वेळानं परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर कर्तव्य आणि शंका यांची झटापट चालली होती.

"'आमची बावळट सून'," ती म्हणाली.

मी हातमोज्याची बटणं लावली.

"मांजराला हे नाव बरं नाही," सिस्टर म्हणाली. "त्यांनी सांगितलं, तुमच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ठेवलं, आणि तेव्हापासून भरभराट आहे. इतकं बावळट आहे का ते?"

"चौदा वर्षं सांभाळलंय त्यांनी," मी म्हटलं.

इस्पितळापासून दुकानापर्यंत उतार आहे. त्या उतारावर मी पुष्कळ विचार केला. सासूबाईंना तसंच दिवाणखान्यात आणून रोज दोन वेळा मटण खायला घालावं, हा त्यातला सर्वांत दयाळू विचार. पण दिवाणखाना शेवटी माझाच होता.

शनिवारी सकाळी ते दुकान म्हणजे गावातलं सर्वांत भरलेलं देवालय. गिरणीतली माणसं, तोंडात सिगारेट, डोक्यावर सपाट टोप्या. मी जाळीपाशी गेले आणि सगळे गप्प झाले. बाई आली की गप्प व्हायचं, एवढे संस्कार होते.

"नाव?" डगडेल म्हणाला. शुक्रवारचं हसू त्यानं जपून ठेवलं होतं.

मी पुटपुटले.

"मोठ्यानं, बाई. नियम आहे."

"आमची बावळट सून," मी म्हटलं. चॅपेलमध्ये स्तोत्र म्हणतात त्या आवाजात. एकदा पडायचंच तर पायरीवरून कशाला पडा.

मग कोपऱ्यातून जेबेझ कर्शॉ म्हणून एक म्हातारा विणकर पुढे आला आणि मला निरखून पाहू लागला.

"म्हणजे त्या तुम्ही?" तो म्हणाला. "बाई, कित्येक वर्षं मी तुमच्यावर पैसे लावतोय. म्हणजे झिलाबाईंच्या घोड्यांवर. सगळं गाव लावतं. बावळट सुनेनं काय घेतलंय, ते बघूनच आम्ही घेतो."

"माझ्या स्वयंपाकघराचं छप्पर त्यातनं झालं," मागून कोणी तरी म्हणालं.

म्हणजे मी गावात प्रसिद्ध होते. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून. मी भाजी आणायला जाते तेव्हा पुरुष टोपीला हात का लावतात, हे मला त्या दिवशी कळलं. मी ते माझ्या व्यक्तिमत्त्वाच्या खाती जमा केलं होतं.

"पंधरा, चौदा, सहा," डगडेल नोटा मोजत म्हणाला.

"सतरा पौंड पाच शिलिंग," मी म्हटलं.

"बरोबरी झाली की निम्मे."

"सगळे नाही." मी हातानं दाखवायला गेले, आणि लक्षात आलं की कप घरी आहेत. मी मागे वळले. "तुमच्या टोप्या जरा द्याल का?"

आमच्या गावात पुरुषाची टोपी दोनदाच उतरते, राष्ट्रगीताला आणि प्रेतयात्रेला. जेबेझनं आधी उतरवली. मग एकेक करत दहा आणखी आल्या. गल्ल्यासमोरच्या फळीवर मी अकरा टोप्या मांडल्या. चार डावीकडे, सात उजवीकडे. "या सात टोप्यांखाली कोल्ड टी आहे. याच निम्म्या. या चार टोप्यांत तो घोडा नाहीच. बटन, पॅरट आणि व्हायोलेट यांनी कुणाचं काय वाकडं केलंय, मिस्टर डगडेल?"

डगडेलनं टोप्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, तक्रार असेल तर मुख्य कचेरीला लेखी द्या, दोन प्रतींत. उत्तराला दोन आठवडे लागतात.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते. मिसेस टॅटरसॉल यांच्या दारात तो ऑर्गनवादक बहुधा सूटकेस घेऊनच उभा असेल.

"दोन आठवडे?" जेबेझ म्हणाला. "मग आमच्या टोप्या दोन आठवडे इथेच राहणार?"

"तुमच्या टोप्या तुम्ही न्या."

"हिशेब अर्धा असताना? त्या पुरावा आहेत." तो भिंतीला टेकला. "आणि बोडक्या डोक्यानं मी पैज लावत नाही. अपशकुन असतो."

बाकीचे दहाही टेकले. कुणी काही ओरडलं नाही. नुसते उभे राहिले, बोडके, टकलं चकाकत. आणि जाळीवरच्या कर्ण्यातून पहिल्या शर्यतीचे भाव ऐकू यायला लागले. एक माणूस पुढे येईना. डगडेलनं भाव ऐकले, टकलं पाहिली, आणि पेन्सिल घेऊन चार टोप्या पुन्हा मोजल्या.

बाराला पाच कमी असताना मी मिसेस टॅटरसॉल यांच्या हातावर सोळा गिनी ठेवल्या. ऑर्गनवादक खरोखरच बाहेर उभा होता. मी त्याला नमस्कार केला. माझ्या आयुष्यात मी इतक्या मोठ्या मनानं कुणाला नमस्कार केलेला नाही.

रविवारी दोन वाजता क्लिफर्ड आणि मी इस्पितळात गेलो. तो फुलं आणायला मागे राहिला तेवढ्यात मी सासूबाईंना सगळं सांगितलं. नऊ शिलिंग चादरीवर ठेवले. त्यांनी ते मोजले.

"सगळ्यांसमोर म्हणालीस?" त्यांनी विचारलं. "मोठ्यानं?"

"हो."

"आणि जेबेझ कर्शॉनं टोपी काढली?"

"सगळ्यांनी काढली."

त्यांनी शिलिंग उशीखाली सारले. मग त्यांनी माझा हात धरला. चौदा वर्षांत पहिल्यांदा, आणि मला उगाचच भीती वाटली.

"पोरी, मी तुला ओळखलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "एवढी पाठीशी उभी राहणारी सून असताना मी त्या परक्या टॅटरसॉल बाईच्या खोलीत कशाला मरायला जाऊ? मी तुमच्याकडेच येते."

क्लिफर्ड फुलं घेऊन दारात उभा होता. त्यानं शेवटचं वाक्य ऐकलं असावं, कारण फुलं त्यानं शेजारच्या बाईंना दिली.

मिसेस टॅटरसॉल यांनी गिनी परत केल्या नाहीत. गिनी हा एका दिशेनंच जाणारा प्रकार आहे, असं त्यांनी मला दारातूनच समजावलं. मी ज्याला नमस्कार केला होता त्या ऑर्गनवादकाला त्यांनी ती खोली सोमवारी पुन्हा भाड्यानं दिली. पियानो विनीच्या घरी गेला आणि तिचा नवरा तो बेरजेनं, म्हणजे एकेक सूर मोजत, वाजवू लागला. सासूबाई आमच्या दिवाणखान्यात अकरा वर्षं राहिल्या. मटणाला नावं ठेवत रोज दुसऱ्यांदा वाढून घेत. दर बुधवारी मी त्यांची चिठ्ठी घेऊन दुकानात जाई, आणि क्लिफर्ड वर्तमानपत्राआडून म्हणे, "हवामान कसं आहे तिकडे?" म्हणजे घोडे कोणते.

चिठ्ठी बंद असे. मी कधी उघडली नाही. पण त्या वर्षीच्या नाताळात, दोघी चहा पीत बसलो असताना, मी विचारलंच. "आई, नाव अजून तेच आहे?"

"बदललं होतं गं," त्या म्हणाल्या. "तू माझ्यासाठी एवढं केलंस. मला लाज वाटली. 'आमची हुशार सून' लावलं."

मी माझं बिस्किट त्यांच्या बशीत ठेवलं. "मग?"

"महिनाभर एक घोडा आला नाही." त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. "मग म्हटलं, जाऊ दे. माणसानं खरं तेच लिहावं."